कांद्याचं फोलपट ऐकणारा

टक्.

डबीचं झाकण उघडलं तेव्हा घरात दुसरा कसलाच आवाज नव्हता. मिक्सर बंद, टीव्ही बंद, खालच्या रस्त्यावरच्या ट्रकांनासुद्धा दुपारची डुलकी लागलेली. म्हणून एवढंसं झाकण, पण केवढ्यानं वाजलं. आत ओलावा शोषणाऱ्या मण्यांवर मी निवांत पडलो होतो. सहा वर्षांच्या एका मुलीनं मला चिमटीत उचललं, तळहातावर ठेवलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "अम्मी, इकडे ये ना."

अम्मीचे हात कणकेत आहेत. ती ते धुऊन येईपर्यंत थोडा वेळ आहे. तेवढ्यात माझी गोष्ट सांगून टाकतो.

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. सभेतला नव्हे. 'हॅलो, माईक टेस्टिंग' म्हणत माझ्यासमोर कधी कुणी खाकरलं नाही, की लग्नाच्या हॉलमध्ये कुणी मला हातात धरून गाणं म्हटलं नाही. मी ज्वारीच्या दाण्याएवढा. माझा एक जुळा भाऊ आहे, आम्ही दोघं नखाएवढ्या एका तुकड्यात शेजारी शेजारी बसवलेले. तो तुकडा एका यंत्रावर, आणि ते यंत्र जास्मिनच्या कानामागे. जास्मिन म्हणजे हीच, जिच्या तळहातावर मी आत्ता आहे.

माझा जन्म फार दूरच्या देशात झाला. तिथल्या खोलीत धुळीचा कणही येऊ देत नसत. माणसं टोप्या घालून, तोंड बांधून काम करायची. माझ्या तोंडावर त्यांनी एक जाळी बसवली, इतकी बारीक की मुंगीलासुद्धा तिच्यातून डोकावता येणार नाही. कुणाचा आवाज ऐकायला आपण जाणार, याची मला तेव्हापासून मोठी उत्सुकता होती. मग विमानानं, कुरियरनं, हिसके खात मी येऊन पोचलो ते चाकणला. इथे धुळीला कुणी अडवत नाही.

जास्मिनला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती लहान असताना डॉक्टरांनी तिच्या कानात एक यंत्र बसवलं. कानाच्या आत खोलवर गोगलगाईच्या शंखासारखी वळणं घेतलेली एक इवलीशी नळी असते. त्या नळीत एक तार सोडलेली आहे. बाहेरचा आवाज मी पकडतो, त्याची वीज करतो, कानामागचं यंत्र त्या विजेची नीट मांडणी करतं आणि कातडीच्या पलीकडे पाठवून देतं. पुढे तार जाणे आणि तिचा मेंदू जाणे. माझं काम दारातल्या माणसाचं. आलेल्याला आत सोडायचं. आत त्याचं काय होतं, तो तिला कसा ऐकू येतो, हे मला कधीच बघता आलं नाही. किती वेळा वाटायचं, एकदा तरी त्याच्या मागोमाग आत जाऊन बघावं.

सुरुवातीला ती आवाजाला घाबरून रडायची. मग हळूहळू आवाजांना नावं मिळत गेली. कुकर, कुत्रा, अब्बांची गाडी. पण तिचा सगळ्यात लाडका आवाज तुम्हाला ओळखता येणार नाही. कांद्याचं वाळलेलं फोलपट.

त्याचं असं, तिचे दादा, म्हणजे अब्बांचे वडील शफीभाई, यांचं चाकणच्या कांदा बाजारात बारदानाचं दुकान आहे. दिवसभर रिकाम्या गोण्या मोजायच्या आणि विकायच्या. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या सदऱ्याच्या खिशात, बाहीत, कधी दाढीतसुद्धा कांद्याची फोलपटं अडकलेली असायची. ते गुपचूप जास्मिनच्या मागे जाऊन उभे राहायचे आणि दोन बोटांत फोलपट चुरायचे. कुरकुर. किती बारीक आवाज असतो तो, तुम्ही एकदा करून बघा. ती गर्रकन वळायची आणि दोघंही हसत सुटायचे. मग ती त्यांच्या मांडीवर, आणि दादांच्या गोष्टी. बाजारात आज कुणाचा बैल उधळला, कुणी ओला कांदा खाली आणि सुका वर भरला, दादी कशी कुणालाही भाव पाडू द्यायची नाही. दादी जास्मिनच्या जन्माआधीच गेली. ती जशी होती तशी फक्त दादांच्या बोलण्यात राहिली आहे.

माझी निगा राखायचं काम अम्मीचं, साबियाचं. रोज सकाळी शाळेच्या व्हॅनआधी ती मला पुसायची, यंत्र जास्मिनच्या कानावर चढवायची, आपल्या तोंडासमोर हात धरायची आणि सहा आवाज काढायची. आ, ऊ, ई, म, श, स. जास्मिन एकेक परत म्हणायची. सहाही बरोबर आले की गालाला एक पापी आणि डब्यात काय आहे त्याची बातमी. तोंड झाकायचं कारण, ही पोरगी ओठ वाचण्यात पटाईत. जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत सगळं तिच्यापर्यंत पोचतंय ना, हे त्या सहा आवाजांवरून कळतं.

माझ्या जाळीवर बसणारी, मळ अडवणारी एक छोटी टोपी असते. ती दर थोड्या महिन्यांनी बदलायची असते. नव्या टोप्यांचं पाकीट कपाटात होतं, अम्मीच्या निकाहच्या ओढणीशेजारी. चांगली वस्तू लगेच वापरायला काढायची नाही, हा या घरचा रिवाज. चांगल्या कपबशा पाहुण्यांसाठी, चांगली चादर ईदसाठी, आणि माझ्या टोप्या लागतील तेव्हासाठी.

आणि शुक्रवारी अत्तर. जुम्म्याच्या नमाजाला निघताना दादा मोगऱ्याच्या अत्तरात बोट बुडवायचे, आपल्या कानामागे लावायचे आणि तेच बोट जास्मिनच्या कानामागे. तिनं डोळे मिटून खोल श्वास घ्यायचा. दादा म्हणायचे, "बघ, आता तू आन् मी सारखेच." त्या बोटाची मलाही सवय झाली होती. ऊबदार, किंचित तेलकट. खरं सांगू, मला ते आवडायचं.

मग काय झालं, ते मला तेव्हा कळलं नाही. खिडकीच्या काचेला आपण मळलोय हे कसं कळणार? ती आपली उभीच असते. बाहेरची झाडं पुसट झालीत असं तिला वाटत असेल. मला वाटायचं, हल्ली लोकच हळू बोलतात.

पहिला फरक दादांना दिसला. एका संध्याकाळी त्यांनी तिच्या मागे फोलपट चुरलं आणि जास्मिन वळली नाही. ती रंगात ब्रश बुडवत बसली. त्यांनी दुसरं चुरलं. मग चुरा परत खिशात टाकला.

"कंटाळली वाटतं या खेळाला," साबिया म्हणाली.

"मोठी झाली," दादा म्हणाले. "आता कशाला दादा लागतोय तिला."

मग गोष्टींचंही तसंच व्हायला लागलं. दादा सांगायचे आणि जास्मिन त्यांच्या दाढीकडे बघत राहायची. दादांची दाढी दाट, मिशा ओठांवर उतरलेल्या. ओठ दिसतील तर वाचेल ना. गोष्ट अर्ध्यावर आली की ती मांडीवरून उतरून जायची. दादांना लागायचं, पण बोलायचे नाहीत. उलट लाड वाढवले. अत्तर शुक्रवारचं होतं, ते रोजचं झालं. दुकानातून आले की आधी बोट बुडवायचे. नात दूर जातेय असं त्यांना वाटत होतं, म्हणून ते जवळ यायला बघत होते. आणि त्या बोटागणिक माझ्या जाळीवर तेलाचा एक पातळ थर चढत होता, त्यावर रस्त्याची धूळ, घाम, पावडर येऊन चिकटत होती.

मित्रांनो, पिठाची चाळणी कशी असते? पीठ खाली पडतं, कोंडा वर राहतो. माझी चाळणी उलटी झाली. जाडेभरडे आवाज खाली जायचे. ट्रकचा हॉर्न, दार आपटलेलं, "जास्मिन" म्हणून मारलेली हाक. आणि ज्यानं बोलण्याचा अर्थ कळतो ते बारीक पीठ, स, श, फ, त, ते वरच अडकायचं. त्यामुळे हाक मारली की ती वळायची. सगळे म्हणायचे, ऐकू तर येतंय की. ऐकू येतच होतं. कळत नव्हतं.

शाळेत नेहा मॅडम फळ्याकडे वळून बोलायच्या तेव्हा जास्मिन शेजारच्या मुलीच्या वहीत बघायची. मॅडमना ती नक्कल वाटली. एकदा, दोनदा, मग रोजच. शेवटी त्यांनी साबियाला बोलावून घेतलं. ओरडल्या नाहीत. हळुवारपणे म्हणाल्या, "तिला झेपत नाहीये. दिवाळीनंतर बालवर्गात बसवून बघू या का? तिच्याच भल्यासाठी सांगते."

त्या दिवशी घरी येताना साबियानं जास्मिनचा हात जरा जास्तच घट्ट धरला होता. दारात पोचल्यावर ती म्हणाली, "लक्ष का देत नाहीस गं तू?" जास्मिन तिच्या ओठांकडे बघत म्हणाली, "देते." आणि ती देतही होती. दिवसभर डोळ्यांनी ऐकून ती इतकी थकायची की संध्याकाळी दप्तरावरच झोपायची.

रात्री जेवताना बोलणं निघालं. एहसान, म्हणजे अब्बा, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहेत. त्यांची पहिली शिफ्ट होती म्हणून घरी होते.

"आतलं यंत्र तर बिघडलं नसेल?" साबिया म्हणाली.

कुणाच्याच हातातला घास वर गेला नाही. आतलं यंत्र म्हणजे पुन्हा ऑपरेशन. पुन्हा ते इवलंसं डोकं पट्टीत गुंडाळलेलं.

"पण सकाळी सहाच्या सहा आवाज बरोबर म्हणते ना?" एहसाननं विचारलं.

"रोज म्हणते. एक चुकत नाही."

"मग मशीन ठीक आहे. म्हणजे मॅडम म्हणतात तेच..." एहसाननं वाक्य पुरं केलं नाही. ते पुरं झालं असतं तर काय झालं असतं, हे ताटावर बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. मुलगीच मंद, असं झालं असतं.

दादांनी पाणी पिऊन पेला ठेवला. "उद्या दाखवून या. मी बी येतो."

"तुम्ही कशाला अब्बा, दुकान आहे," एहसान आपल्या वडिलांना म्हणाला.

"गोण्या काय पळून चालल्यात व्हय?"

पिंपळे सौदागरला एका औषधाच्या दुकानाच्या वर स्नेहलचं क्लिनिक आहे. कानांची तपासणी करणारी ही तरुण बाई, जास्मिन तिला लहानपणापासून ओळखते. स्नेहलनं तोंडासमोर कापड ताणलेली एक गोल चौकट धरली आणि नेहमीचे आवाज काढले. आ, ऊ, ई, म, श, स. जास्मिननं सहाही म्हणून दाखवले आणि बक्षिसासाठी अम्मीकडे बघितलं.

स्नेहलनं विचारलं, "घरी रोज याच क्रमानं घेता?"

"हो. तुम्ही शिकवलं तसंच."

"बरं. जरा उलटसुलट करू या." तिनं कापडामागून नुसतं "स" म्हटलं.

जास्मिन म्हणाली, "आ."

स्नेहलनं "श" म्हटलं.

जास्मिन म्हणाली, "ऊ," आणि पुन्हा अम्मीकडे बघून हसली. पुढचं "ई" तयारच होतं तिच्याकडे.

साबियाचा हात तोंडावर गेला. इतके महिने रोज सकाळी ती मुलीची परीक्षा घेत होती आणि मुलगी पाठ केलेलं म्हणत होती. क्रम कधी बदललाच नव्हता. सकाळची घाई, व्हॅनचा हॉर्न, जिभेला बसलेली सवय.

दादा एकटेच हसले. "पाठ केलंय पोरीनं. माझ्यावर गेली. मी बी पाढे असेच म्हणायचो, मधनंच विचारलं की गप."

"हुशार आहे," स्नेहल म्हणाली. "मंद मुलीला हे जमत नाही. आतलं बघण्याआधी बाहेरचं बघू."

तिनं यंत्र उतरवलं, भिंग डोळ्याला लावलं आणि माझी टोपी काढली. मग ती थांबली. मला तिनं नाकाशी नेलं.

"मोगरा कोण लावतं घरात?"

साबियानं दादांकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. दादांनीच आपलं उजवं बोट वर केलं, वर्गात मुलं करतात तसं.

स्नेहलनं यंत्राला एक वायर जोडली. तिच्या दुसऱ्या टोकाला मोठ्यांनी घालायचे हेडफोन होते. ते तिनं साबियाला दिले. "माईककडून जास्मिनला काय मिळतं ते यात ऐकू येईल. आजोबा, बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"रोज नातीला सांगता ते."

दादा खाली मान घालून बोलायला लागले. साबियानं डोळे मिटले. भिंतीपलीकडच्या घरात कुणीतरी बोलावं, तसं तिला ऐकू आलं. पुरुष आहे हे कळत होतं. म्हातारा आहे, मायेनं बोलतोय, हेसुद्धा कळत होतं. शब्द मात्र एकही कळत नव्हता. तिनं हेडफोन काढले. उघड्या कानांना दादा स्वच्छ ऐकू आले. तिनं ते परत घातले आणि दादा पुन्हा भिंतीपलीकडे गेले.

"हिला असं ऐकू येत होतं?" ती म्हणाली. "कधीपासून?"

"ते सांगता येणार नाही. एका दिवसात होत नाही हे. रोज थोडं थोडं होतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही."

"माझ्या बोटानं," दादा म्हणाले.

"एकट्या बोटाचं काम नाही आजोबा. तेल आहे, धूळ आहे, घाम आहे, आणि माईकचं वयही झालंय. टोपी बदलली असती तर अजून चालला असता. पण कधीतरी म्हातारा होणारच होता."

माझ्याबद्दल इतकं सरळ तोवर कुणी बोललं नव्हतं. पण ते खरं होतं. तिनं मला आणि माझ्या भावाला तुकड्यासकट काढलं, ट्रेमध्ये ठेवलं आणि आमच्या जागी नवी जोडी बसवली. त्या कोऱ्या जाळ्या बघून मला माझी पहिली खोली आठवली.

नवी जोडी चढवून झाल्यावर दादा उठले. सदऱ्याचे खिसे चाचपले. डावा रिकामा, उजवा रिकामा. मग आतल्या खिशाच्या शिवणीत त्यांना एक फोलपट सापडलं, बदामी रंगाचं, अर्धं तुटलेलं. ते जास्मिनच्या मागे जाऊन उभे राहिले. दोन बोटांत त्यांनी ते चुरलं. मी ट्रेमध्ये होतो, तो आवाज आता माझ्या वाट्याचा नव्हता. मला फक्त दिसलं. जास्मिनची मान गर्रकन वळली.

"फोलपट," ती म्हणाली.

दादांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. तो स्वच्छ होता.

घरी आल्यावर एहसाननं सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "कंपनीत आमचं हेच चालतं. मशीन चुकलं की आधी ऑपरेटरला शिव्या, मग दोन तासांनी कुणीतरी सेन्सर पुसतो." मग तोच जाऊन जास्मिनच्या दप्तराजवळ बसला.

दुसऱ्या दिवशी लगेच सगळं नीट झालं असं नाही. जे महिने पुसट गेले त्यांतले किती तरी शब्द जास्मिनला नव्यानं शिकावे लागले. पण नेहा मॅडम आता फळ्यावर लिहून झाल्यावर मुलांकडे वळून बोलतात, आणि बालवर्गाचा विषय त्यांनी स्वतःच सोडून दिला. दिवाळीची सुट्टी संपली आणि जास्मिन आपल्याच बाकावर परत बसली. घरी सहा आवाज रोज नव्या क्रमानं येतात. कधी मधेच अम्मी काहीच म्हणत नाही, नुसती गप्प बसते, आणि जास्मिन म्हणते, "काही नाही आलं." टोप्यांचं पाकीट ओढणीशेजारून स्वयंपाकघरात आलंय, चहाच्या डब्याजवळ. आणि शुक्रवारी दादा अत्तरात बोट बुडवतात तेव्हा जास्मिन कान पुढे करत नाही, मनगट पुढे करते.

मित्रांनो, माझ्यासारखा एखादा माईक तुमच्या वर्गातल्या कुणाच्या कानामागे असेल. त्याला हात लावू नका, पण त्याच्या मालकाशी बोलताना समोर या. आणि कुणी आपलं ऐकत नाही असं वाटलं, तर रागावण्याआधी एकदा विचारा, की माझं बोलणं तुझ्यापर्यंत पोचतं का? मळलेल्याला आपण मळलोय हे कळत नसतं. ते बाहेरच्यानंच बघावं लागतं, तेही मायेनं.

आमची जुनी जोडी साबियानं क्लिनिकमधून घरी आणली, तेव्हापासून मी या डबीत राहतो. काम नाही. पण विचार करायला भरपूर वेळ आहे.

आज दुपारी मात्र वेगळंच घडलं. जेवण झाल्यावर जास्मिननं दादांना विचारलं होतं, "मला नीट ऐकू येत नव्हतं ना, तेव्हा तुम्ही काय काय सांगितलं?"

"सांगितलं असंल काहीबाही."

"दादीचं?"

"दादीचं बी असंल."

"काय?"

"आता आठवतंय व्हय, बेटा. बोलता बोलता बोललेलं. नवं सांगतो की."

"नवं नको. तेच."

दादांनी खूप वेळ आठवून बघितलं. मग ते टोपी घालून दुकानाकडे गेले, आणि जास्मिन स्टूल ओढत कपाटाकडे आली.

हे बघा, साबिया आली. हातांना अजून थोडी कणीक आहे, म्हणून तिनं ते उंच धरलेत. जास्मिननं मला तिच्या डोळ्यांजवळ नेलं. माझ्या जाळीवर तेलाचा तो पिवळट थर अजून तसाच आहे. जवळ नेलं तर मोगराही येतो.

"अम्मी, दादा तेव्हा जे बोलले ते यातच अडकलंय ना?"

साबियानं माझ्याकडे बघितलं. मग तिच्याकडे. काहीतरी बोलायला ओठ उघडले आणि तसेच राहिले. जास्मिननं त्या ओठांकडे थोडा वेळ बघितलं, वाचण्यासारखं काही सापडलं नाही, तशी ती आणखी जवळ सरकली.

"मग ते बाहेर कसं काढायचं?"